पोलीस म्हणाले "हे दिवाणी आहे" : पैसे परत हवेत की शिक्षा?

मृदगंध

आमच्या घरात गेले काही महिने एकाच प्रश्नावर खल चालू आहे, म्हणून हा धागा काढते आहे. पैसे अडकवणाऱ्या माणसाविरुद्ध पोलिसांत जायचं की दिवाणी कोर्टात? आणि पोलिसांनी "कोर्टात जा" म्हणून परत पाठवलं, तर तो आपल्यावर अन्याय समजायचा का?

पार्श्वभूमी थोडक्यात. मामांनी तालुक्याच्या गावी बिनशेती प्लॉट घ्यायचं ठरवलं. विसार दिला, रीतसर विसारपावती झाली. मालक खरेदीखताला तारखा देत राहिला, मग फोन उचलेनासा झाला. मामांनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. दोघांचे जबाब झाले आणि मामांच्या हातात समजपत्र पडलं : सदर बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने आपण सक्षम न्यायालयात दाद मागावी. तेव्हापासून मामी एकच विचारते, "म्हणजे तो उजळ माथ्याने हिंडायला मोकळा?"

मामीचा संताप मला पूर्ण कळतो. पण तिला दोन गोष्टी एकदम हव्या आहेत. पैसे (किंवा प्लॉट) परत हवेत आणि त्या माणसाला धडाही शिकवायचा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच कोर्टात मिळत नाहीत. फौजदारी खटल्यावर नाव असतं 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक'. मामा तिथे फिर्यादी, म्हणजे साक्षीदारांच्या यादीतले पहिले. खटला सरकारी वकील चालवणार आणि मिटवायचा म्हटलं तरी कोर्टाची परवानगी लागणार. कारण तिथे प्रश्न असतो की या माणसाने असं काही केलं आहे का, की ज्याबद्दल सगळ्या समाजाने मिळून त्याचं स्वातंत्र्य काढून घ्यावं? दिवाणी दाव्यात मामा स्वतः वादी. माझं एवढं नुकसान झालं, ते भरून द्या किंवा ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्या, एवढंच मागणं. समोरचा माणूस वाईट आहे हे तिथे सिद्ध करावंच लागत नाही.

माझं मत असं की, फौजदारी कायद्याला वसुलीचं हत्यार केलं की वसुलीही धड होत नाही आणि खऱ्या गुन्ह्यांचं गांभीर्यही कमी होतं. पण दिवाणी कोर्टाची गती बघता मामीला हे कुठल्या तोंडाने सांगायचं, ते कळत नाही. जाणकारांनी लिहावं.

---

तारीखपेतारीख

मृदगंधताई, मी दिवाणी बाजूची वकिली करतो, म्हणून आधी कामाचं सांगतो.

पोलिसांनी दिलेलं समजपत्र बरोबर की चूक, हे एका गोष्टीवर ठरेल : विसार घेतला त्या क्षणी मालकाच्या मनात काय होतं? सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या निकालात हे स्वच्छ मांडलं. वचन देतानाच फसवण्याचा हेतू असेल तर ती फसवणूक. वचन देताना हेतू सरळ होता, नंतर पाळलं नाही, तर तो करारभंग. करारभंग हा गुन्हा नाही.

आता मन कसं वाचायचं? कागदांवरून. सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) काढा, सर्च रिपोर्ट घ्या, सातबारा आणि फेरफार बघा. विसार घेण्याआधीच त्याने तो प्लॉट दुसऱ्याला विकला असेल, किंवा प्लॉट मुळात त्याच्या नावावरच नसेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) लागू शकतं. जुनं ४२० तेच हे, सात वर्षांपर्यंत कैद. तसं काही सापडलं नाही तर पोलीस योग्य बोलले.

दिवाणीत मामांना करारपूर्तीचा दावा लावता येईल. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ साली बदल झाल्यापासून करारपूर्तीचा हुकूम देणं न देणं पूर्वीइतकं न्यायाधीशांच्या मर्जीवर राहिलेलं नाही. दाव्यात पर्यायी मागणी म्हणून विसाराची रक्कम व्याजासह परत मागा. मूळ दाव्यात ही मागणी घालायला लोक विसरतात आणि मग दुरुस्ती अर्जात वेळ जातो. सोबत तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज करा, म्हणजे दावा चालू असताना तो प्लॉट तिसऱ्याला जाणार नाही. मुदत तीन वर्षं. करारात खरेदीखताची तारीख लिहिलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर त्याने नकार दिल्याचं कळलं तेव्हापासून. पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांत ही मुदत संपवून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

---

घाऊकवाला

वकीलसाहेब, सगळं कबूल, पण आम्हा व्यापाऱ्यांना विचारा. उधारीचा दिवाणी दावा लावला की समोरचा निवांत झोपतो. चेक बाउन्सची केस लावली की पहिल्या समन्सला नाही तर वॉरंटला तरी पैसे घेऊन दारात येतो. माणूस कर्जाला भीत नाही, अटकेला भितो. मग ज्याने काम होतं ते करायचं नाही का? "उद्देश वेगळा आहे" हे ऐकायला ठीक आहे, माल माझा गेलेला असतो.

---

तारीखपेतारीख

घाऊकवाले, चेक बाउन्सचं उदाहरण तुम्ही आणलंत ते बरं झालं, कारण तिथे कायद्याने स्वतःहून ही सरमिसळ केली आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे चेक-हुंड्यांचा कायदा, १८८१ चा, पण कलम १३८ त्यात १९८८ साली घातलं आणि १ एप्रिल १९८९ पासून लागू केलं. चेकवर लोकांचा विश्वास बसावा, हा हेतू. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवस थांबायचं, तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते १५ दिवस बघा. त्या मुदतीत पैसे दिले तर गुन्हाच होत नाही. चोराने चोरीचा माल पंधरा दिवसांत परत केला म्हणून चोरी पुसली जात नाही, इथे मात्र पुसली जाते. म्हणजे कायद्याला पैसे वसूल होण्यात रस आहे. २०२१ च्या पी. मोहनराज निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हे फौजदारी लांडग्याचं कातडं पांघरलेलं दिवाणी मेंढरू आहे.

तेव्हा १३८ जरूर वापरा, ते त्यासाठीच आहे. माझा विरोध आहे तो चेक नसताना, फसवणुकीचा हेतू नसताना, निव्वळ उधारीला ३१८ आणि विश्वासघाताच्या ३१६ चा रंग देण्याला.

---

सदाफुली

मी कायद्यातली नाही. आमच्या घरात दोन्ही कोर्टं झाली, म्हणून लिहिते.

माझे मोठे दीर ट्रकच्या धडकेत गेले. चालकावर फौजदारी खटला झाला. जाऊबाई त्या कोर्टात कितीदा तरी गेल्या, पण बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. त्यांना विचारण्यासारखं तिथे काही नव्हतं, कारण त्यांनी अपघात पाहिला नव्हता. ज्याने पाहिला होता, त्याला उलटतपासणीत ट्रक आठवला, स्टिअरिंगवर कोण होतं ते ठामपणे सांगता आलं नाही. संशयाचा फायदा देऊन चालक सुटला. त्या संध्याकाळी घरात कोणी जेवलं नाही.

मोटार अपघात न्यायाधिकरणात मात्र सगळे प्रश्न जाऊबाईंनाच. दिरांचं वय काय, पगार किती, नोकरी कायम होती का, घरात अवलंबून कोण कोण? पगारपत्रक, मुलांच्या शाळेचे दाखले, सासूबाईंचं आधार कार्ड. वय ३८, म्हणून गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचं तो आकडा) १५. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम, म्हणून पुढच्या वाढीपोटी पगारात निम्मी भर. अवलंबून माणसं चार, म्हणून दिरांच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा. विमा कंपनीचे वकील म्हणाले, चालक तर निर्दोष सुटला आहे. त्यावर न्यायाधिकरणाचं उत्तर होतं की इथे गुन्हा सिद्ध करायचा नाही, कुठली शक्यता जास्त आहे तेवढं बघायचं. भरपाई मंजूर झाली.

माझ्या मनात खूप दिवस हे बसत नव्हतं. एक कोर्ट म्हणतं याने केलं हे सिद्ध झालं नाही, दुसरं म्हणतं पैसे द्या. आता वाटतं की दोन्ही बरोबर होती. एका माणसाला तुरुंगात घालायचं तर जराही शंका राहता कामा नये. चार माणसांची चूल चालू राहायची असेल तर तेवढ्या खात्रीसाठी थांबून चालत नाही. त्या पैशांवर मोठीचं शिक्षण पूर्ण झालं. तरी सांगते, भरपाईने जाऊबाईंचं समाधान झालं नाही, आणि चालकाला शिक्षा झाली असती तर फी भरली गेली नसती. दोन्ही लागतं.

---

बडातालाब

सदाफुलीताई, तुमच्या शेवटच्या दोन शब्दांवर आमचं अख्खं गाव साक्ष देईल. आम्ही भोपाळचे मराठी.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली, युनियन कार्बाइडच्या वायुगळतीची रात्र सगळ्यांना माहीत आहे. नंतरच्या खटल्यांबद्दल फार कमी बोललं जातं. १९८५ साली केंद्र सरकारने कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने भरपाई मागण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. मागणी होती ३३० कोटी डॉलरची. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि त्याच तडजोडीत फौजदारी खटलेही बंद करून टाकले. म्हणजे पैशांच्या पावतीबरोबर गुन्ह्याचीही पावती फाडली! भोपाळमध्ये जो संताप उसळला तो रकमेवर होताच, पण या दुसऱ्या कलमावर त्याहून जास्त. माझा हक्क माझ्या वतीने कोणी स्वस्तात सोडला तर मी चरफडेन. पण इतकी माणसं मेली त्याचा जाब विचारण्याचा अधिकार कुठल्याच वादी-प्रतिवादीचा खाजगी नाही, तो विकायचा कसा?

३ ऑक्टोबर १९९१ ला न्यायालयाने फेरविचारात नेमका हाच फरक केला. पैशांची तडजोड कायम ठेवली, फौजदारी खटले पुन्हा जिवंत केले. तत्त्व म्हणून हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. प्रत्यक्षात काय झालं तेही सांगतो. १९९६ मध्ये आरोपांचं कलम सौम्य करून ३०४-अ (निष्काळजीपणाने मृत्यू) वर आणलं, ज्याची कमाल शिक्षा दोन वर्षं. ७ जून २०१० ला सात भारतीय अधिकाऱ्यांना तीच दोन वर्षं झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला. कंपनीचा प्रमुख वॉरन अँडरसन खटल्याला कधी उभाच राहिला नाही, २०१४ मध्ये वारला. भरपाई वाढवून मागणारी केंद्राची याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. दोन्ही दारं उघडी होती, पण दोन्हींतून पदरात पडलं ते अपुरं.

एक भर. डिसेंबर १९८६ मध्ये, दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातल्या वायुगळतीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालय म्हणालं की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याने कितीही काळजी घेतलेली असो, अपघात झाला तर भरपाई द्यायचीच. दिवाणी कायद्याला हे परवडतं. पण "काळजी घेतली होतीस तरी तुरुंगात जा" असं फौजदारी कायद्याला म्हणता येणार नाही.

---

गस्त

पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. दुसऱ्या बाजूने लिहितो.

पोलीस ठाण्यात येणाऱ्या अर्जांत पैशांच्या देवघेवीचे अर्ज भरपूर असतात. हातउसने दिलेले, प्लॉटचा विसार, भागीदारीतला हिशोब, भिशी. अर्जदार खुर्चीवर बसतो आणि हळू आवाजात म्हणतो, "साहेब, दोन दिवस आत बसवा, आपोआप देईल." त्याला गुन्हा दाखल व्हायला नको असतो, गुन्ह्याची भीती हवी असते. काही ठाण्यांत हे होतंही. समोरच्याला बोलावून घ्यायचं, दिवसभर बाकावर बसवायचं, संध्याकाळी स्टॅम्प पेपरवर 'अमुक तारखेपर्यंत रक्कम देईन' असं लिहून घ्यायचं. अर्जदार खूश होऊन जातो. पण मृदगंधताई, ही सोय कोणासाठी होते? ज्याची ओळख आहे त्याच्यासाठी. उद्या तुमच्या मामांवरच कोणी खोटा विसार लावला आणि त्याची ओळख तुमच्यापेक्षा मोठी असेल, तर त्या बाकावर मामा बसतील.

२०१३ च्या ललिता कुमारी निकालाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की गुन्हा नोंदवणं सक्तीचं केलं. तो निकाल हवाच होता. पण त्यातच व्यापारी व्यवहार, कौटुंबिक वाद, वैद्यकीय निष्काळजीपणा अशा प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा ठेवली आहे. मामांचे जबाब घेऊन समजपत्र दिलं ते याच वाटेने. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश पोलिसांना दिवाणी वाद फौजदारी केल्याबद्दल कडक शब्दांत सुनावलं, ते वाचून मला बरं वाटलं. जो तपासी अंमलदार उधारीच्या वसुलीत अडकतो, तो घरफोडीच्या तपासाला कमी पडतो.

मामींना एवढं सांगा, समजपत्र म्हणजे त्या माणसाला दिलेलं चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे.

---

मृदगंध

काका, हे शेवटचं वाक्य मी मामीला जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग त्या कागदावर तसं लिहायला काय झालं होतं?" आणि खरंच, दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या तर माणूस हताश होऊन घरी आला नसता.

सर्च रिपोर्ट आला. प्लॉट त्याच्याच नावावर आहे, दुसऱ्या कोणाला विकलेला नाही. भावाभावांत हिश्श्याचं भांडण लागल्यामुळे तो खरेदीखत टाळतो आहे असं दिसतं. म्हणजे माणूस बेफिकीर आहे, भित्रा आहे, पण लबाडीने पैसे घेतले असं म्हणता येत नाही. नोटीस गेली आहे, दाव्याचा मसुदा चालू आहे. तारीखपेतारीख यांनी सांगितलेली पर्यायी मागणी आमच्या वकिलांनी आधीच घातली होती.

---

हडसनकाठ

इकडे अमेरिकेत ही सीमारेषा थोडी वेगळ्या जागी आहे. ओ. जे. सिम्प्सन १९९५ मध्ये खुनाच्या खटल्यातून सुटला आणि १९९७ मध्ये दिवाणी ज्युरीने त्याच मृत्यूंसाठी त्याला जबाबदार धरून ३ कोटी ३५ लाख डॉलर भरायला लावले. फौजदारीत तो साक्षीला उभा राहिला नाही, तो त्याचा हक्क होता. दिवाणीत त्याला उत्तरं द्यावी लागली. आणि त्या रकमेतले अडीच कोटी डॉलर नुकसानीपोटी नव्हते, दंडात्मक होते. म्हणजे इथलं दिवाणी कोर्ट शिक्षाही करतं. भारतात हे फार क्वचित होतं. मला वाटतं ते व्हायला हवं, निदान मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत.

---

ठेवपावती

पतसंस्थेत आणि खाजगी स्कीममध्ये पैसे अडकलेल्यांसाठी लिहिते. "फौजदारीत पैसे परत मिळत नाहीत" हे आपल्याकडे पूर्ण खरं नाही. महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणारा कायदा आहे, सगळे त्याला एमपीआयडी म्हणतात. यात संचालकांवर गुन्हा तर होतोच, शिवाय त्यांची मालमत्ता सरकार जप्त करतं, सक्षम प्राधिकारी नेमला जातो आणि विशेष न्यायालयाच्या हुकमाने विक्री करून पैसे ठेवीदारांत वाटले जातात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कलम १०७ खाली गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पीडितांना वाटण्याची तरतूद आहे. हजारो ठेवीदारांनी हजार दावे लावावेत ही अपेक्षाच क्रूर होती, म्हणून हे झालं. अंमलबजावणी रखडते ते खरं. पण ठेवीच्या मूळ पावत्या जपून ठेवा आणि यादीत नाव आहे ना ते स्वतः जाऊन बघा, कोणाच्या भरवशावर राहू नका.

---

घाऊकवाला

सगळं वाचलं. माझा मुद्दा मात्र तिथेच आहे. दावा जिंकला, हुकूमनामा हातात आला. मग त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त. बेलीफ गेला तर घर बायकोच्या नावावर, दुकान मेहुण्याच्या. अशा वेळी तुमचं दिवाणी कोर्ट काय करतं? लोक पोलिसांकडे धावतात ते यामुळे.

---

तारीखपेतारीख

खरं आहे, आणि त्याची जबाबदारी आमच्या बाजूचीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा असं बजावलं. तसं होताना मला दिसत नाही. पण हातात असलेली हत्यारंही लोक वापरत नाहीत.

दावा लावतानाच समोरचा मालमत्ता हलवतो आहे याचा पुरावा असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८ नियम ५ खाली निकालाआधी जप्ती मागा. दरखास्तीत आदेश २१ नियम ४१ खाली ऋणकोला त्याच्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावा. दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. घेणेकऱ्यांना चुकवायला घर बायकोच्या नावावर केलं असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. फक्त कैद मागताना एक लक्षात ठेवा. १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस निकालाने ठरवलं आहे की ज्याच्याकडे खरोखर नाही त्याला कर्जापायी डांबता येणार नाही. ऐपत असून देत नाही हे तुम्हाला दाखवावं लागेल. मेहुण्याच्या दुकानात रोज गल्ल्यावर कोण बसतं, वीजबिल कोण भरतं, माल कोणाच्या नावाने येतो, हे कागद गोळा करायला आजच सुरुवात करा. दरखास्तीचा नंबर आणि कोर्ट मला व्यक्तिगत निरोपातून कळवा, कुठल्या टप्प्यावर अडकली आहे ते बघून सांगतो.